शहराने स्वतःभोवती आखलेली रेघ: सेंट लुईस, १८७६

अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहराच्या पश्चिम टोकाला स्किंकर नावाचा रस्ता आहे. त्याच्या पलीकडे सहाशे फुटांवर शहराची हद्द संपते. तिथे ओढा नाही, टेकडी नाही, वेस म्हणावी असं काहीच नाही. डेलमार रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेलं, तर दुकानं आणि खानावळींच्या सलग रांगेतच केव्हातरी सेंट लुईस मागे पडतं आणि आपण युनिव्हर्सिटी सिटी नावाच्या वेगळ्या गावात पोचतो. महापौर बदलतो, पोलीस बदलतात, शाळांचा कारभार आणि कर बदलतात. फुटपाथ तेवढा तोच राहतो.

ही हद्द १८७६ मध्ये ठरली आणि अजूनही तिथेच आहे. आपल्याकडे ज्याला हद्दवाढ म्हणतात, ती करण्याची सोय या शहराला त्यानंतर उरली नाही. तो निर्णय कसा झाला, त्या वेळी समोर काय काय होतं आणि दीडशे वर्षांत त्याचं काय झालं, हे या प्रकरणात मांडलं आहे. हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या सामान्य माणसांची नावं घेतलेली नाहीत. मोजके अपवाद आहेत, कारण त्यांची नावं इतिहासातच नोंदली गेली आहेत.

पार्श्वभूमी

१७६४ मध्ये पियेर लाक्लेद या फ्रेंच व्यापाऱ्याने मिसिसिपीच्या पश्चिम काठावर ही वसाहत वसवली. तिथे होड्या लावायला उतार होता आणि त्यामागे पुरापासून वाचवणारा चुनखडीचा उंचवटा. मिसूरी नदी थोडं वरच्या बाजूला मिसिसिपीला मिळते, त्यामुळे आतल्या प्रदेशातून येणारी जनावरांची कातडी आणि केसाळ चामडी याच धक्क्यावर उतरत. गाव आधी फ्रेंचांचं, मग स्पेनच्या अमलाखालचं, आणि १८०३ च्या लुइझियाना खरेदीनंतर अमेरिकेचं झालं.

१८१७ मध्ये पहिली आगबोट आली आणि गावाचा वेगच बदलला. १८४० मध्ये साडेसोळा हजार असलेली वस्ती १८६० मध्ये एक लाख साठ हजारांवर गेली. यात आयर्लंड आणि जर्मनीतून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. शहर नदीवर किती विसंबून होतं, हे दोन गोष्टींवरून दिसतं. १८३० च्या दशकात धक्क्यासमोर गाळाचं बेट वाढू लागलं, तेव्हा बंदरच बुजणार अशी भीती निर्माण झाली. लष्करातला एक तरुण अभियंता तिथे पाठवला गेला. नदीत बांध घालून त्याने प्रवाह पुन्हा शहराच्या काठाकडे वळवला. तो रॉबर्ट ई. ली, पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेला. दुसरी गोष्ट १८४९ च्या मे महिन्यातली. ‘व्हाइट क्लाउड’ नावाच्या बोटीला लागलेली आग धक्क्यावरच्या एकेका बोटीला गिळत किनाऱ्यावर चढली. २३ बोटी आणि शेकडो इमारती जळाल्या. त्याच वर्षी पटकीच्या साथीत हजारो माणसं दगावली. तरीही शहर पुन्हा उभं राहिलं, तेही त्याच काठावर, आता वीट आणि ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या इमारती बांधून.

यादवी युद्धात खालच्या मिसिसिपीचा मार्ग बंद पडला आणि रेल्वेच्या जोरावर शिकागोने व्यापार आपल्याकडे ओढला. त्याला उत्तर म्हणून जेम्स ईड्स यांनी नदीवर पोलादी कमानींचा पूल बांधला. पायासाठी कामगारांना नदीच्या तळाशी, दाबाखालच्या हवेच्या पेट्यांत उतरावं लागे. वर आल्यावर सांधे आखडत, पाय लुळे पडत, आणि डझनाहून अधिक कामगार त्या विकाराने मेले. पूल ४ जुलै १८७४ रोजी खुला झाला, आणि वर्षभरातच पुलाची कंपनी दिवाळखोरीत गेली.

शहराच्या मनातली चढाओढ समजून घ्यायला १८७० ची जनगणना बघावी लागते. सेंट लुईसची नोंद ३,१०,८६४, देशात चौथा क्रमांक. शिकागो २,९८,९७७, पाचवा. सेंट लुईसचा आकडा फुगवलेला असावा, असा संशय अभ्यासकांनी व्यक्त केला आहे. दहा वर्षांनी शिकागो पाच लाखांच्या पुढे होतं आणि सेंट लुईस साडेतीन लाखांवर. १८७६ चा निर्णय घेणारी माणसं याच दोन जनगणनांच्या मधल्या काळातली. आपण मोठं शहर आहोत यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

पेच

सेंट लुईस शहर तेव्हा सेंट लुईस काउंटीचा भाग होतं. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं एकक. तिचा कारभार ‘काउंटी कोर्ट’ पाहत असे. नाव न्यायालयाचं, पण काम रस्ते, पूल आणि करवसुलीचं. शहरातल्या माणसाला दोन सरकारांना कर द्यावा लागे. काउंटीच्या तिजोरीतला बहुतेक पैसा शहरातून यायचा आणि खर्च होताना तो बाहेरच्या शेतातल्या रस्त्यांवरही जायचा. त्याशिवाय शहराच्या सनदेत, म्हणजे त्याच्या कारभाराच्या मूळ नियमावलीत, काहीही बदलायचं तर राज्याच्या विधिमंडळाकडे जावं लागे. दूरच्या आमदारांनी आपल्या गटारांचा निर्णय करावा, याचा शहरात राग होता.

ग्रामीण भागाची तक्रार नेमकी उलटी होती. शहर कर्ज काढतं, बागा करतं, आणि भुर्दंड आमच्यावर, असं त्यांचं म्हणणं. फॉरेस्ट पार्क हे त्याचं ठळक उदाहरण. सुमारे १,३०० एकरांचं हे उद्यान तेव्हाच्या शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या रानात होतं. शेतकऱ्याला वाटे, बग्गीतून फिरायला येणाऱ्या शहरी लोकांसाठी मी का कर भरू? दोन्ही बाजूंचं गाऱ्हाणं मला खरं वाटतं, आणि म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे. कुणी कुणाला फसवत नव्हतं. एकाच घरात राहणं दोघांनाही महाग पडत होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आहे तसंच चालू द्यायचं आणि विधिमंडळाकडून अधूनमधून सनद दुरुस्त करून घ्यायची. याची चीड होती, पण एक गोष्ट तेव्हा कुणी फारशी मोजली नाही. शहराच्या हद्दी आजवर याच वाटेने वाढल्या होत्या. १८४१ मध्ये वाढल्या, १८५५ मध्ये वाढल्या, १८७० मध्ये दक्षिणेचं कॅरोंडेलेट हे जुनं गाव शहरात आलं. ज्या विधिमंडळाचा जाच वाटत होता, हद्दवाढीचा दरवाजाही त्याच्याच हातात होता.

दुसरा पर्याय, अख्खी काउंटी शहरात विलीन करून एकच सरकार करायचं. फिलाडेल्फियाने १८५४ मध्ये हेच केलं होतं. पण शहरवाल्यांना मैलोन्मैल मातीच्या रस्त्यांची जबाबदारी नको होती आणि काउंटीवाल्यांना शहराचं कर्ज.

तिसरा पर्याय, हद्द एकदा भरपूर वाढवून काउंटीतून कायमचं बाहेर पडायचं. बाल्टिमोर १८५१ मध्ये काउंटीतून वेगळं झालं होतं, म्हणजे उदाहरणही डोळ्यांसमोर होतं.

काय केलं

मिसूरीच्या १८७५ च्या राज्यघटनेने तिसऱ्या पर्यायाला वाट करून दिली. शहर आणि काउंटीने मिळून १३ जमीनमालकांचं मंडळ निवडायचं, त्या मंडळाने फारकतीची योजना आणि शहराची नवी सनद लिहायची, आणि मग मतदान. स्वतःची सनद स्वतः लिहिण्याचा अधिकार घटनेने दिलेलं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. त्या काळात ही मोठी गोष्ट होती आणि तिचं श्रेय काढून घेऊ नये.

मंडळाने हद्द आखताना हात आखडता घेतला नाही. शहराचं क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस मैलांवरून ६१ चौरस मैलांवर, म्हणजे साधारण १५९ चौरस किलोमीटरवर गेलं. एका झटक्यात तिपटीहून अधिक. पश्चिमेची सीमा स्किंकर रस्त्याच्या सहाशे फूट पलीकडे ठेवली, त्यामुळे फॉरेस्ट पार्क आत आलं. त्याच्या आसपास तेव्हा शेतं आणि झाडी होती. काउंटीचं कर्ज शहराने अंगावर घेतलं आणि बदल्यात हद्दीतली काउंटीची मालमत्ता मिळवली. ड्रेड स्कॉट या गुलाम माणसाने स्वातंत्र्यासाठी लढलेला खटला ज्या न्यायालयात १८४७ मध्ये उभा राहिला, ती घुमटाची इमारतही त्यात आली.

२२ ऑगस्ट १८७६ रोजी मतदान झालं. पहिल्या मोजणीत योजना थोडक्या मतांनी पडली. मग गैरप्रकाराचे आरोप झाले, प्रकरण न्यायालयात गेलं, फेरमोजणी झाली आणि योजना मंजूर ठरली. दीडशे वर्षं टिकलेली ही हद्द अशा काठावरच्या निकालावर उभी आहे. स्थानिक लोक या घटनेला आजही ‘मोठा घटस्फोट’ म्हणतात.

मला निर्णायक वाटतो तो क्षण मतदानाचा नाही, त्याच्या आधीचा आहे. मंडळाने हद्द किती मोठी असावी याचा विचार केला, पण ती पुढे कशी बदलावी याची तरतूद ठेवली नाही. शहराच्या भोवतालची जमीन आता दुसऱ्या काउंटीची झाली. ती घ्यायची तर राज्यघटनाच बदलावी लागणार होती. त्यांच्या हिशोबात शहराची संपत्ती पूर्वेला, नदीकाठच्या धक्क्यावर आणि गोदामांत होती. पश्चिमेची जमीन म्हणजे खर्च. नदीकडे तोंड करून आखलेली ही हद्द होती, आणि शहर पुढे वाढलं ते नदीकडे पाठ करून.

पुढे काय झालं

पहिली पन्नास वर्षं निर्णय बरोबरच वाटला. १८८० मध्ये शहरात साडेतीन लाख माणसं आणि उरलेल्या काउंटीत जेमतेम ३१,८८८. काउंटीला नवं मुख्यालय शोधावं लागलं, तेव्हा राल्फ क्लेटन नावाच्या शेतकऱ्याने १०० एकर जमीन देऊ केली. ते क्लेटन. आज तिथे उंच इमारतींचा व्यापारी भाग आहे आणि तो शहराच्या जुन्या मध्यभागाशी स्पर्धा करतो.

१९०० मध्ये सेंट लुईस पुन्हा देशात चौथं होतं. १९०४ चं जागतिक प्रदर्शन त्याच फॉरेस्ट पार्कमध्ये भरलं आणि त्याच वर्षी ऑलिंपिकही इथे झालं. ट्रामच्या मार्गांनी लोक पश्चिमेकडे सरकत होते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच हद्दीला लागून नवी गावं उभी राहू लागली. युनिव्हर्सिटी सिटी १९०६ मधली. नवं गाव वसलं की त्याचा कर, त्याची शाळा आणि त्याचं पोलीस ठाणं वेगळं. आज काउंटीत अशा ऐंशीहून अधिक नगरपालिका आहेत.

१९५० मध्ये शहराची लोकसंख्या ८,५६,७९६ होती, त्याच्या इतिहासातली सर्वाधिक. १९७० मध्ये ती ६,२२,२३६ झाली, १९९० मध्ये चार लाखांच्या खाली आली आणि २०२० मध्ये ३,०१,५७८. शेजारची काउंटी त्याच वर्षी दहा लाखांवर होती. माणसं गेली ती फार लांब गेली नाहीत. पण हद्दीपलीकडे गेली, म्हणजे करदाते म्हणून शहरापुरती नाहीशीच झाली. दिवसा शहरात काम करणाऱ्यांकडून काही वसूल व्हावं म्हणून शहर आजही मिळकतीवर एक टक्का कर घेतं.

सगळ्यांना जाता आलं नाही. १९१६ मध्ये शहरातल्या मतदारांनीच वस्त्या वर्णानुसार वेगळ्या ठेवण्याचा नियम मंजूर केला होता. अशा नियमांना सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी घटनाबाह्य ठरवलं. मग खाजगी करारांचा मार्ग धरला गेला. १९४५ मध्ये शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने लाबाडी रस्त्यावर ४६०० क्रमांकाचं विटांचं दुमजली घर घेतलं. त्या घरावर १९११ चा एक करार होता: पन्नास वर्षं कृष्णवर्णीयांना किंवा ‘मंगोल वंशाच्या’ लोकांना इथे राहू द्यायचं नाही. शेजाऱ्यांनी दावा लावला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला आणि शेली कुटुंब त्या घरात राहिलं. निकाल देशभर लागू झाला. तरी काउंटीतल्या नव्या वसाहतींची दारं कर्जाच्या नियमांनी आणि दलालांच्या रीतीने पुढेही बराच काळ बंद राहिली.

वाढायला जागा नसलेल्या शहराने मग स्वतःलाच पाडून नवं करायला घेतलं. नदीकाठचे सुमारे ४० चौक १९३९ पासून पाडले गेले. आगबोटींच्या काळातली ओतीव लोखंडाची गोदामं गेली. त्या मोकळ्या जागेवर पुढची वीसेक वर्षं बहुतांशी गाड्या उभ्या राहत. १८७६ मध्ये ज्या काठावर शहराची सगळी दौलत मोजली गेली, तोच हा काठ. १९६५ मध्ये तिथे एरो सारिनेन यांची ६३० फूट उंच कमान पूर्ण झाली. १९५९ मध्ये मिल क्रीक व्हॅली ही वस्ती पाडायला सुरुवात झाली. ४५४ एकर, सुमारे वीस हजार माणसं, बहुतेक सगळी कृष्णवर्णीय. त्यांची चर्च, दुकानं, घरं गेली. प्रुइट-आयगो हा ३३ इमारतींचा सरकारी गृहप्रकल्प १९५० च्या दशकात उभा राहिला आणि १९७२ पासून स्फोटकं लावून पाडायला घेतला गेला. हे सगळं त्याच ६१ चौरस मैलांत. हे वाचताना माझं मन मिल क्रीकच्या माणसांपाशी अडतं. शहराला श्वास घ्यायला जागा हवी होती आणि ती त्यांच्या उंबऱ्यावरून काढली गेली.

काउंटीच्या बाजूलाही तुकडे पडण्याची किंमत मोजावी लागली. इवल्या नगरपालिकांना उत्पन्न कुठून आणायचं हा प्रश्न पडला आणि अनेकांनी तो वाहतुकीच्या दंडातून सोडवला. २०१४ मध्ये फर्ग्युसन इथे पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन या तरुणाचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्रीय न्याय खात्याने केलेल्या चौकशीत, गावाचे पोलीस आणि न्यायालय महसूल जमवण्याच्या हेतूने चालवले जात होते असं स्पष्ट नोंदलं गेलं. त्याचा भार गरीब कृष्णवर्णीय रहिवाशांवर सर्वाधिक पडत होता.

दुरुस्तीचे प्रयत्न

१९२६ मध्ये एकत्रीकरणाची योजना मतदानाला आली. शहराने होकार दिला, काउंटीने झिडकारली. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना सोडून शहर निघालं होतं, त्यांच्याच मुला-नातवांकडे आता ते परत यायला विनवत होतं. १९३०, १९५९ आणि १९६२ मधल्या वेगवेगळ्या योजनाही पडल्या. १९८० च्या दशकातला प्रयत्न न्यायालयात अडकला. मंडळावर फक्त जमीनमालकच बसू शकतात ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. १८७६ च्या १३ जमीनमालकांची सावली तोवर पुरली होती.

२०१९ ची योजना राज्यभर मतदान घेऊन शहर आणि काउंटी एक करू पाहत होती. ज्यांचं गाव विलीन होणार, त्यांच्यापेक्षा बाकीच्या राज्याच्या मतांनी निर्णय होणार, म्हणून स्थानिक लोक बिथरले. काउंटीचा प्रमुख, जो एकत्रित सरकारचा पहिला प्रमुख होणार होता, भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अडकला आणि काही दिवसांत योजना मागे घेतली गेली.

जे टिकलं ते एकेका कामापुरतं होतं. १९५४ मध्ये शहर आणि काउंटीच्या मतदारांनी एकत्र सांडपाणी व्यवस्था मंजूर केली, कारण मैला हद्द बघून वाहत नाही. १९७१ मध्ये प्राणिसंग्रहालय आणि कलासंग्रहालयासाठी सामाईक कर मान्य झाला. फॉरेस्ट पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात आजही प्रवेश विनामूल्य आहे, कारण त्याचा खर्च दोन्ही बाजू उचलतात. ज्या उद्यानाच्या करावरून भांडण पेटलं होतं, त्याच उद्यानात दोन्ही बाजूंची मुलं आज हत्ती बघायला येतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळं खापर या हद्दीवर फोडणं बरोबर नाही. डेट्रॉइटची हद्द १३९ चौरस मैलांची, सेंट लुईसच्या दुपटीहून मोठी. तरी १९५० मधल्या साडेअठरा लाखांवरून २०२० मध्ये ते शहर सव्वासहा-साडेसहा लाखांवर आलं. महामार्ग, घरकर्जाची धोरणं, वर्णभेद आणि बंद पडलेले कारखाने यांनी हद्द लहान-मोठी पाहिली नाही. पण याच मिसूरी राज्यातलं कॅन्सस सिटी हद्द वाढवत ३०० चौरस मैलांच्या पुढे गेलं, आणि बाहेर सरकलेली बरीच माणसं त्याच्याच हद्दीत राहिली. २०२० मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक लोक होते. फरक पडतो, एवढं यावरून म्हणता येतं.

१८७६ च्या मंडळाला भविष्य दिसायला हवं होतं, अशी अपेक्षा मी करणार नाही. मोटारगाडी कुणी पाहिलेली नव्हती आणि १८ चे ६१ चौरस मैल करणारी माणसं संकुचित म्हणता येत नाहीत. त्यांच्या हातात असलेल्या दोन गोष्टी मात्र राहून गेल्या. एक, फारकतीच्या मसुद्यातच हद्दीच्या फेरविचाराची वाट ठेवायची. हद्दीलगतच्या वस्तीने मतदान करून शहरात यायचं म्हटलं तर येता यावं, एवढं कलमही पुरलं असतं. दोन, कर आणि हद्द हे प्रश्न वेगळे काढायचे. भांडण मुळात काउंटी कोर्टाच्या दुहेरी कराचं होतं. रस्त्यांचा खर्च आणि उद्यानांचा खर्च कुणी किती उचलायचा याचा करार तेव्हाही करता आला असता. शंभर वर्षांनी प्राणिसंग्रहालयासाठी तोच केला गेला.

नंतरच्या काळातला सर्वांत मोठा हुकलेला क्षण मी १९२६ चा धरतो. काउंटी तेव्हा अजून बरीचशी मोकळी होती, नगरपालिका थोड्या होत्या, आणि शहराकडे देण्यासारखं पुष्कळ होतं: पाणी, शाळा, पत. अख्खी काउंटी एकदम मागण्याऐवजी हद्दीला चिकटलेल्या वस्त्यांशी एकेक करून बोलणी केली असती, तर काही तरी आल्या असत्या. योजना मात्र सगळं किंवा काहीच नाही अशी गेली, आणि ग्रामीण मतदाराने काहीच नाही हे निवडलं. १९५४ च्या सांडपाणी मतदानात हीच चूक टाळली गेली: कुणाचं गाव मागितलं नाही, कुणाचा महापौर काढला नाही, फक्त नाल्यांची जबाबदारी एकत्र घेतली, आणि दोन्ही बाजूंनी हो म्हटलं.